टाकी भरलेली, निपल कोरडे : डुकरांच्या पाण्याविषयी वाचकांचे प्रश्न

उन्हाळा तोंडावर आला की पाण्याची पत्रे वाढतात. या वेळी त्यात लहान वराहपालकांची पत्रे बरीच आहेत, म्हणून ती एकत्र घेतली. उत्तरे वाचण्याआधी एक लिटरची रिकामी बाटली आणि सेकंदकाटा दिसणारे घड्याळ हाताशी ठेवा. पाणी टाकीत किती आहे यापेक्षा डुकराच्या तोंडाशी किती येते, हे बहुतेक पत्रांत कुणी मोजलेलेच नाही.

प्रश्न : चार माद्या, एक नर आणि तीस वाढती डुकरे आहेत. बोअरला पाणी बेताचे, त्यात थ्री फेज वीज कधी दिवसा, कधी रात्री. टाकी केवढी घ्यावी? (सिन्नर तालुका)

आधी रोजची गरज काढू. पिल्ले पाजणारी मादी दिवसाला २५ ते ४० लिटर पाणी पिते. गाभण किंवा भाकड मादीला १० ते १५ लिटर लागते, नरालाही तेवढेच. वाढत्या डुकरांचे वजनावर ठरते. २० ते ५० किलोपर्यंत ३ ते ६ लिटर, पुढे शंभर किलोपर्यंत ६ ते १० लिटर. दूध तोडलेल्या पिल्लांना १ ते ३ लिटर पुरते.

चारांपैकी दोन माद्या पिल्ले पाजत आहेत असे धरू. त्यांचे ७० लिटर, उरलेल्या दोघींचे ३०, नराचे १५ आणि तीस डुकरांचे सरासरी ८ लिटरने २४०. बेरीज ३५५. निपलवर (काडी दाबली की पाणी सोडणाऱ्या पिण्याच्या तोटीवर) पिताना पाव हिस्सा तरी खाली सांडतो, काही ठिकाणी तिसरा हिस्साही. म्हणजे टाकीतून रोज ४८० लिटरच्या आसपास जाणार. एप्रिल-मेसाठी याच्या दीडपट धरा, आकडा ७०० च्या पुढे जातो. वीज गेली, मोटर जळाली, तर दुरुस्तीला एक दिवस सहज जातो. म्हणून साठा दोन दिवसांचा हवा. १५०० लिटरची टाकी कमीत कमी, २००० ची घेतली तर उत्तम. त्याहून मोठी घेऊन पाणी आठवडाभर शिळे करण्यात अर्थ नाही.

यात शेड धुण्याचे पाणी धरलेले नाही, आणि टाकी रिकामी होते ती बहुधा तिथेच. अर्ध्या इंची पाइपमधून मिनिटाला १५-२० लिटर पाणी पडते. पाव तास धुतले की २२५-३०० लिटर गेले. आधी फावड्याने शेण कोरडेच ओढून घ्या, मग धुवा. दुसरी टाकी घेणे परवडत नसेल तर एक सोपी सोय करा. धुण्याच्या पाइपचे कनेक्शन टाकीच्या बुडाला न देता निम्म्या उंचीवर द्या. धुणारा माणूस कितीही उदार असला तरी खालची अर्धी टाकी डुकरांचीच राहते.

रात्रीच्या पाळीसाठी ऑटो स्टार्टर लावाल तर सोबत ड्राय रन संरक्षण हवेच. बेताच्या बोअरला ते नसले तर मोटर कोरडी चालून जळते. टाकीत फ्लोट स्विचही बसवा, नाहीतर रात्री ओसंडून गेलेले पाणी सकाळी चिखलाच्या रूपाने सापडते.

प्रश्न : टाकी शेडच्या स्लॅबवर आहे, कायम भरलेली असते. तरी व्यालेली मादी तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून खाद्य टाकते आणि पिल्ले सुकतात. जंत, ताप काही नाही. (निफाड तालुका)

डॉक्टरांनी ताप, कास आणि गर्भाशयाचा दाह तपासून ठीक म्हटले असेल तर पुढची शंका निपलवर घ्या. निपलची काडी दाबून धरा, खाली बाटली लावा. एक लिटरची बाटली तीस सेकंदांत भरली तर धार मिनिटाला दोन लिटर झाली. पिल्ले पाजणाऱ्या मादीला एवढी धार लागते. बाटलीला दोन मिनिटे लागत असतील तर तुमचे उत्तर तिथेच मिळाले.

मादी जड असते, व्यायल्यावर उठायचा कंटाळा करते. उठली की काही मिनिटे पिते आणि आडवी होते. अर्धा लिटरच्या धारेने ३५ लिटर प्यायला तिला सत्तर मिनिटे निपल चावत उभे राहावे लागेल. ती राहत नाही. पाणी कमी पडले की कोरडे खाद्य घशाखाली उतरत नाही, खाद्य सुटले की दूध आटते. मालक मात्र खाद्य बदलतो, टॉनिक आणतो. शेण लेंड्यांसारखे कडक, लघवी गडद आणि थोडी-थोडी, ही खूण सोबत असतेच. गाभण माद्यांनाही असे दीर्घकाळ कमी पाणी मिळाले तर मूत्रमार्गाचे आजार जडतात.

बाकीच्या धारा अशा : गाभण मादी आणि मोठ्या डुकरांना मिनिटाला एक ते दीड लिटर, मधल्या वाढीच्यांना पाऊण ते एक लिटर, दूध तोडलेल्या पिल्लांना अर्धा लिटर. पिल्लांना याहून जोरात देऊ नका. तोंडावर फवारा बसला की ती निपलजवळ जायला घाबरतात.

धार कमी असेल तर या क्रमाने शोधा. आधी निपल पान्याने काढा. आत एक बारीक जाळी असते, तिच्यात वाळू, शेवाळ, पीव्हीसी कापताना पडलेला भुसा अडकलेला सापडतो. जाळी धुऊन परत बसवा. ती फेकून दिली तर दोन दिवस धार छान वाटते, मग कचरा काडीच्या वायसरखाली जाऊन निपल गळू लागते.

जाळी स्वच्छ असेल तर क्षार बघा. आपल्या बसाल्टच्या खडकातील बोअरचे पाणी बहुतेक ठिकाणी जड, निपलच्या तोंडावर पांढरे पुट चढते. एक लिटर पाण्यात ५० ग्रॅम लिंबूसत्त्व विरघळवून निपल रात्रभर बुडवून ठेवा, सकाळी ब्रशने घासून धुवा. द्राक्षबागेच्या ठिबकला करतो तशी अॅसिड प्रक्रिया डुकरे आत असताना लाइनला करू नका. करायचीच तर शेड रिकामे असताना करा आणि पुढे लाइन भरपूर पाण्याने धुऊन काढा. अॅसिड आणि टीसीएल (ब्लीचिंग) पावडर एकमेकांना लागू देऊ नका, त्यातून क्लोरीन वायू निघतो.

तिसरे कारण तुमच्या स्लॅबमध्येच असू शकते. पाण्याचा दाब दर मीटर उंचीला ०.१ किलो प्रति चौरस सेंटिमीटर. स्लॅबवरची टाकी निपलच्या तीन मीटर वर असेल तर दाब जेमतेम ०.३. बाजारातली बरीच निपले एक किलोच्या पुढच्या दाबासाठी बनवलेली असतात आणि त्यांच्या आत बारीक छिद्राची प्लास्टिक चकती असते. कमी दाबाला ती काढावी लागते किंवा मोठ्या छिद्राची बसवावी लागते. दुकानात मागताना ‘टाकीच्या दाबावर चालणारे’ असे स्पष्ट सांगा.

पाइपही बघा. टाकीपासून शेडपर्यंत अर्धा इंची लाइन ओढली असेल तर चार निपले एकदम दाबली की शेवटच्याला धार उरत नाही. मुख्य लाइन एक इंची, तिच्यावरून निपलला उतरणारा तुकडा अर्धा इंची, असे ठेवा. लाइन कुठे वर चढून पुन्हा खाली येत असेल तर त्या उंचवट्यावर हवा अडकते आणि कमी दाबाचे पाणी तिला ढकलू शकत नाही. तिथे एअर व्हॉल्व्ह लावा, नाहीतर पाइप सरळ उतारात घ्या.

टाकीच्या तोंडाशी ठिबकचा १२० मेशचा स्क्रीन फिल्टर बसवला तर यातला निम्मा त्रास वाचतो. द्राक्षाच्या गावात तो कुणाच्या ना कुणाच्या गोठ्यात पडून असतोच. फक्त खताच्या टाकीला जोडलेला जुना फिल्टर घेऊ नका.

धार मोजायची ती सकाळी खाद्य टाकल्यावर, सगळी डुकरे पिण्यावर असताना. दुपारी शेड शांत असताना प्रत्येक निपल पास होते.

प्रश्न : निपल किती उंचीवर आणि किती लावावेत? एका कप्प्यात बारा डुकरे आहेत. (दिंडोरी तालुका)

बारांना एक निपल पुरते असा हिशेब आहे, तरी एका कप्प्यात दोनपेक्षा कमी लावू नका. एक बंद पडले तर दुसरे चालते. शिवाय दांडगे डूकर एकाच निपलसमोर ठाण मांडते आणि लहान तहानलेले राहते. दोन्ही निपलांत दोन-तीन फूट अंतर ठेवा, म्हणजे एकटे डूकर दोन्ही अडवू शकत नाही.

उंची कप्प्यातल्या सर्वांत लहान डुकराच्या खांद्यावरून धरा. निपल भिंतीतून सरळ बाहेर आलेले असेल तर खांद्याच्या बरोबरीला, खाली तिरपे बसवलेले असेल तर खांद्याच्या दोन इंच वर. २५ किलोच्या डुकराला साधारण दीड फूट, शंभर किलोच्याला सव्वादोन ते अडीच फूट येते. डुकराने मान किंचित वर करून प्यायला हवे, तेव्हाच पाणी घशात जाते. निपल खाली राहिले की ते बाजूने चावते आणि अर्धे पाणी गालातून सांडते. निपलखाली चिखल दिसला की हे ओळखावे.

डुकरे महिन्यात उंच होतात, निपल जागेवरच राहते. म्हणून उतरता पाइप जीआयचा घ्या, भिंतीला यू क्लॅम्पने धरा आणि वरचा जोड लवचिक नळीचा ठेवा. क्लॅम्प सैल करून पाइप सरकवता येतो. नळी मात्र डुकराच्या तोंडाला लागणार नाही इतकी वर हवी. पीव्हीसी तोंडाच्या उंचीला उघडा ठेवलात तर तो चघळला जाणार हे धरूनच चाला. एकाच कप्प्यात फारच लहान-मोठी डुकरे असतील तर मात्र निपल मोठ्यांच्या मापाने लावून खाली एक विटेची पायरी बांधा, लहाने तिच्यावर चढून पितात.

जागा शेणाच्या बाजूला, गटारीजवळ. झोपायच्या कोपऱ्यात निपल लावले तर अंथरूण भिजते आणि डुकरे शेण भलतीकडे टाकू लागतात.

दूध तोडून आणलेली पिल्ले नवे निपल ओळखत नाहीत. पहिले एक-दोन दिवस काडीत आगपेटीची काडी खोचून पाणी ठिबकत ठेवा, शेजारी उथळ थाळीतही पाणी द्या. पिताना दिसली की काडी काढा.

प्रश्न : दुपारी डुकरे निपलला तोंड लावून सोडून देतात. पाणी तर येते. (मालेगाव)

हात लावून पाहा, पाणी पोळत असेल. मालेगावात पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा उन्हात पडलेल्या काळ्या पाइपातले पाणी हात धरवणार नाही इतके तापते, आणि डुकरे असे पाणी सोडून देतात. उन्हातली लाइन एक-दीड फूट खोल पुरा. पुरता येत नसेल तर भिंतीच्या सावलीच्या बाजूने घ्या आणि बारदान गुंडाळा. टाकी पांढरी हवी, वर गवताचे किंवा शेडनेटचे छप्पर. लाइनच्या शेवटी बॉल व्हॉल्व्ह लावून दुपारी दोनच्या सुमाराला मिनिटभर सोडा. गरम पाणी बाहेर जाते, ते बादलीत धरून धुण्याला वापरा.

डुकराला घाम जवळजवळ येत नाही. म्हणून पिण्याचे पाणी गार असूनही ती धापा टाकत असतील तर अंगावर पाणी द्या. अर्ध्या तासाने एक-दोन मिनिटे मोठ्या थेंबांचा शिडकावा करा आणि मधल्या वेळात वाऱ्याने अंग वाळू द्या. वाळताना गारवा मिळतो. पिल्लांच्या कप्प्यात शिडकावा नको. तिथे मादीच्या मानेवर ठिबकचा एक ड्रिपर लावा.

प्रश्न : हॉटेलचे उरलेले अन्न घालतो. मोटर बिघडून दीड दिवस पाणी नव्हते. पाणी आल्यावर डुकरे पोटभर प्यायली आणि काही तासांत चार डुकरे भिंतीला डोके टेकवून उभी राहिली, मग झटके. कुणी विष घातले असेल का? (नाशिक रोड)

विष घरचेच असण्याची शक्यता जास्त. हे मिठाच्या विषबाधेचे वर्णन आहे. पाणी तुटले की शरीरातले आणि मेंदूतले सोडियम वाढते. त्यानंतर एकदम भरपूर पाणी मिळाले की रक्त पातळ होते, मेंदूतले सोडियम मात्र तितक्या लवकर उतरत नाही. ते पाणी आत खेचते आणि मेंदूला सूज येते. आंधळ्यासारखे चालणे, एकाच जागी गोल फिरणे, डोके दाबून धरणे, नाक थरथरत मागे सरकून कुत्र्यासारखे बसणे आणि मग आकडी, असा क्रम दिसतो. पाणी पुरेसे असेल तर डूकर बरेच मीठ पचवते. ते तुटले की नेहमीचे खाद्यही बाधते. तुमच्याकडे तर मिसळीचा रस्सा, फरसाण, पापड, लोणचे होते.

पुन्हा असे झाले तर नळ एकदम सोडू नका. ज्यांना लक्षणे नाहीत त्यांनाही थोडे-थोडेच द्या. वजनाच्या अर्धा टक्का, दर तासाला. म्हणजे ५० किलोच्या डुकराला पाव लिटर. असे दोन-तीन दिवस करत पूर्ववत आणायचे. निपल बंद करून उथळ भांड्यात मोजून द्यावे लागते, रात्रीही. हे कंटाळवाणे आहे, पण यात सूट नाही. खारट अन्न लगेच बंद. झटके येणाऱ्या डुकरांच्या तोंडात पाणी ओतू नका, फुप्फुसात जाते. पशुवैद्यकाला त्याच तासाला बोलवा, कारण स्वाइन फीव्हर आणि मेंदूज्वराचे काही प्रकारही असेच दिसतात. मेलेले डूकर परस्पर पुरू नका, आधी तपासणी होऊ द्या.

हॉटेलच्या अन्नाबद्दल : आफ्रिकन स्वाइन फीव्हर भारतात २०२० पासून आहे, त्याला उपचार नाही, आणि न उकळलेले मांसाचे उष्टे हा त्याचा मोठा रस्ता आहे. अर्धा तास ढवळत खळखळ उकळल्याशिवाय ते घालू नये. उकळल्याने विषाणू मरतो, मीठ तसेच राहते. म्हणून खारट जिन्नस आधीच वेगळे काढा.

प्रश्न : पावसाळ्यात विहिरीचे पाणी गढूळ होते आणि पिल्लांना हगवण लागते. टीसीएल किती टाकावे? (इगतपुरी तालुका)

टीसीएल गढूळ पाण्यात टाकून उपयोग नाही, गाळच ते खाऊन टाकतो. आधी हजार लिटरला २० ते ५० ग्रॅम तुरटी विरघळवून ढवळा, काही तास निवू द्या आणि वरचे पाणी दुसऱ्या टाकीत घ्या. मग हजार लिटरला ५ ग्रॅम ताजी टीसीएल पावडर. पावडर थेट टाकीत भिरकावू नका. बादलीत कालवून, चुनखडी खाली बसू देऊन वरचे पाणी ओता. अर्ध्या तासाने लाइनच्या शेवटच्या निपलमधून पाणी घेऊन ओटी टेस्ट (पाण्यात क्लोरीन उरला आहे का ते रंगावरून पाहण्याची चाचणी) करा. ग्रामपंचायतीचा पाणीपुरवठा कर्मचारी ती रोज करतो, त्याच्याकडून एकदा शिकून घ्या. पिवळी छटा आली नाही तर मात्रा थोडी वाढवा. उघड्या पोत्यातली जुनी पावडर पांढरी दिसते, पण तिच्यातला क्लोरीन उडालेला असतो. तोंडातून देण्याचे औषध किंवा लस पाण्यातून द्यायची असेल त्या दिवशी क्लोरीन नको.

महिन्यातून एकदा लाइनच्या शेवटचे एन्ड कॅप उघडून पाणी जोरात वाहू द्या. आत बुळबुळीत थर साठतो, औषध-गूळ पाण्यातून दिल्यावर तर फार. शेणाचा खड्डा विहिरीच्या वरच्या अंगाला असेल तर तुरटी-टीसीएल दोन्ही वाया जाणार. खड्डा उताराला आणि किमान पन्नास फूट लांब हवा. टाकीला झाकण पक्के ठेवा. उंदराच्या मुतातून लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस हा आजार) येतो, त्याने माद्या गाभडतात आणि तो माणसालाही होतो. धुताना गमबूट घाला.

इतके करूनही हगवण थांबली नाही तर पाण्यालाच दोष देत बसू नका, पिल्लांचे शेण तपासायला द्या.

प्रश्न : पाच-सहा डुकरे आहेत, उन्हाळ्यात टँकरचे पाणी. ड्रमला निपल लावून चालेल का? बोअरचे पाणी खारट लागते. (येवला तालुका)

चालते, दोन गोष्टी सांभाळल्या तर. ड्रम खाद्यपदार्थाचा घ्या. सातपूर-अंबडच्या भंगारात स्वस्त मिळणारे निळे ड्रम बऱ्याचदा रसायनांचे असतात, आणि प्लास्टिकमध्ये मुरलेले रसायन धुऊन जात नाही. लेबल नसेल तर घेऊ नका. दुसरे, झाकणाला हवेचे बारीक भोक पाडा. झाकण घट्ट असेल तर पाणी उतरताना आत पोकळी होते आणि भरलेल्या ड्रमला धार लागत नाही.

दोनशे लिटरचा ड्रम तीन फूट उंच सिमेंटच्या ओट्यावर ठेवा आणि साखळीने खांबाला बांधा, निम्मा रिकामा झाला की डुकरे पाडतात. बुडापासून दोन इंच वर अर्धा इंची टँक कनेक्टर बसवा, म्हणजे टँकरचा गाळ खाली राहतो. तिथून जीआय पाइप खाली आणा. इतक्या कमी दाबाला निपलपेक्षा फ्लोटची वाटी बरी, सांडतेही कमी. मात्र वाटीत डुकरे हमखास घाण करतात, ती दिवसातून दोनदा हाताने पुसावी लागते.

खारट बोअरसाठी टीडीएस (लिटरमागे विरघळलेले क्षार, मिलिग्रॅममध्ये) मीटरने मोजून घ्या. १००० पर्यंत काळजी नाही. ३००० पर्यंत नव्या डुकरांना काही दिवस पातळ हगवण होते आणि सरावाने थांबते. ५००० च्या पुढचे पाणी गाभण माद्या आणि पिल्लांना नको, ७००० च्या पुढचे कुणालाच नको. मधल्या आकड्याला बोअर आणि टँकर निम्मे-निम्मे मिसळा, मिश्रण पुन्हा मोजा आणि त्या काळात खाद्यात वरून मीठ घालणे बंद ठेवा.